हिरवळीची निगा : छिद्रे की दंताळे?



बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री हे माझे गाव. ‘हरळी कशी जोपासावी’ या विषयावर मी व्याख्यान देत आहे असे गावी कोणाच्या कानावर गेले, तर म्हातारपणी मास्तरांचे डोके फिरले, असाच समज होईल. कारण आमच्या काळ्या रानात हरळी, कुंदा आणि लव्हाळा हे तिघे शेतकऱ्याचे जुने वैरी आहेत. हीच हरळी दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकी चढते हे खरे. परंतु शेतात तिची एक काशी जरी मागे राहिली, तरी पुढच्या पावसाळ्यात ती हातभर जागा आपलीशी करते. माझे वडील दर उन्हाळ्यात खोल नांगरट करून हरळीच्या काशा उघड्या पाडीत, दंताळ्याने ओढून त्यांचे ढीग घालीत आणि उरल्यासुरल्या काशा चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळू देत. हरळी मारण्याचा याहून खात्रीचा उपाय त्यांना ठाऊक नव्हता.

हे सारे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले असूनही उतारवयात माझ्या हातून एक प्रमाद घडला. आजचे भाषण म्हणजे त्या प्रमादाचे एक प्रकारे प्रायश्चित्तच होय.

माझी कन्या अकोल्यास दिली आहे. तिच्या घरापुढे दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अशी हरळीची हिरवळ आहे. तिलाच हल्ली सर्रास ‘लॉन’ म्हणतात. ती माझ्या व्याह्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेली. पुढे त्यांचे गुडघे धरले, बाहेर जाणे सुटले, आणि रोज पहाटे काठी टेकीत त्या हिरवळीवर अनवाणी वीस-पंचवीस फेऱ्या घालणे एवढेच त्यांचे फिरणे उरले. काही वर्षांपूर्वी चैत्रात मी तेथे गेलो असता हिरवळ निस्तेज दिसली. पाऊल टाकले की ती गादीसारखी दबे, आणि पाणी घातले तर ते वरच्यावर पसरून कडेने वाहून जाई. घरात बागकामाचे एक परदेशी पुस्तक होते. वसंत ऋतूत हिरवळीच्या बुडाशी साचलेला वाळका थर दंताळ्याने ओरबाडून काढावा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. मी वसंत पाहिला, दंताळे पाहिले आणि कामास लागलो. दोन दिवसांत अर्धी हिरवळ विंचरून बारा टोपल्या काडीकचरा बाहेर काढला. आठ दिवसांत तो अर्धा भाग तपकिरी झाला, आणि महिन्याभरात तेथे नुसती माती उरली.

व्याही हसून म्हणाले, “गुरुजी, हरळी मारायला उंद्रीहून येण्याचे श्रम कशाला घेतलेत? ते काम आमच्या अकोल्याच्या उन्हाने फुकट केले असते.” ते हसले खरे, परंतु दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या फेऱ्या उरलेल्या अर्ध्या भागातच होऊ लागल्या. माझे दंताळे जेथे थांबले होते, तेथून ते परत फिरत. ते दृश्य पाहिल्यावर या विषयाचा नीट अभ्यास करणे मला भाग पडले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर; कृषिशास्त्राचा पदवीधर नव्हे. तथापि जे वाचले आणि जे स्वतः करून पाहिले, ते आपणांपुढे ठेवतो.

हिरवळ खंगली म्हणजे तिला दोनपैकी एक विकार झाला असण्याचा पुष्कळ संभव असतो. एक विकार मातीचा आणि दुसरा मातीच्या वरचा. बाहेरून दोहोंची लक्षणे जवळजवळ सारखी दिसतात, आणि म्हणूनच एकाचे औषध दुसऱ्याला दिले जाते.

प्रथम मातीचा विकार पाहू. चांगल्या मातीचा निम्मा भाग घन पदार्थांचा असतो व निम्मा पोकळीचा. आणि त्या पोकळीत निम्मे पाणी व निम्मी हवा असली, म्हणजे मुळे सुखात असतात. या अवस्थेला आपल्या शेतकऱ्याने फार पूर्वीच ‘वापसा’ असे सुंदर नाव दिलेले आहे. पावसानंतर रान वापशावर आल्यावाचून तो पेरणीला हात घालीत नाही. आता शहरातील अंगणाची अवस्था पाहा. घर बांधताना त्या जागेवरून विटांच्या व खडीच्या मालमोटारी फिरलेल्या असतात, वर मुरूम घालून तो दाबलेला असतो, आणि त्यावर वीतभर माती पसरून गवत लावलेले असते. पुढे मुलांचे खेळणे, फाटकापासून पायरीपर्यंतची रोजची ये-जा, यांनी वरची तीन-चार बोटे माती गच्च बसते. पोकळीतील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि पाणी वरच थांबते. यावर उपाय म्हणजे मातीला छिद्रे पाडून हवेला वाट करून देणे.

दुसरा विकार वाळक्या थराचा. हरळी ही भुईसरपट पसरणारी जात आहे. तिचे धावते दांडे मातीच्या वर पसरतात आणि काशा मातीच्या आत. जुने दांडे व मुळे मरतात, नवी येतात. आणि मेलेल्यांचा थर हिरवे पाते व माती यांच्या मध्ये साचत जातो. पुष्कळांचा असा समज आहे की, कापलेले गवत तेथेच पडू दिल्याने हा थर होतो. वस्तुतः कापलेल्या कोवळ्या पात्यांत बहुतेक पाणीच असते. ती थोड्या दिवसांत कुजून जातात. लवकर कुजत नाहीत ते चिवट दांडे आणि मुळे. वाढ कुजण्यापेक्षा अधिक वेगाने झाली की थर चढतो. आणि युरियासारख्या खतांचा भडिमार, रोज थोडे थोडे वरवरचे पाणी आणि कीटकनाशकांचा सढळ वापर या तीन गोष्टी त्याला जबाबदार असतात. रोपवाटिकेत ‘कोरियन’ म्हणून मिळणाऱ्या झॉयशिया जातीच्या दाट गवतात हा थर विशेष जमतो.

हा थर सर्वस्वी वाईट असतो असे मात्र नाही. अर्ध्या इंचाच्या आतला, म्हणजे सुमारे सव्वा सेंटिमीटरपर्यंतचा थर हितकारकच आहे. तो उन्हापासून मातीचे रक्षण करतो व पायाला मऊपणा देतो. त्याहून जाड झाला, म्हणजे झोपडीवर शाकारलेल्या गवतावरून पावसाचे पाणी जसे ओघळून जाते, तसे पाणी त्याच्यावरून निघून जाते. मुळेही मग मातीत न उतरता त्या थरातच घर करतात, आणि पहिल्या कडक उन्हात पस्तावतात. असा जाड थर मात्र दंताळ्याने विंचरून काढलाच पाहिजे.

दोहोंपैकी विकार कोणता हे ओळखण्यासाठी पुस्तक नको, एक सुरी पुरे. हिरवळीला पाणी देऊन माती वापशावर येऊ द्यावी. मग सुरीने तीन इंच खोल असा त्रिकोणी तुकडा कापून अलगद उचलावा. पाहून झाल्यावर तो पुन्हा जागच्या जागी बसवून दाबला की जिवंत राहतो. वर हिरवे पाते, खाली माती आणि मध्ये तपकिरी, काथ्यासारखा जो पट्टा दिसतो, तो फूटपट्टीने मोजावा. पट्टा अर्ध्या इंचाहून जाड असेल, तर विकार थराचा. पट्टा पातळ आहे, पण माती विटेसारखी घट्ट आहे आणि मुळे इंचभरावरच आडवी वळली आहेत, तर विकार मातीचा. आणखी एक सोपी परीक्षा आहे. पेचकस घेऊन ओल्या हिरवळीत तळहाताने दाबावा. सहज आत गेला तर माती मोकळी. अंगाचा भार द्यावा लागला तर गच्च. ही परीक्षा येण्याजाण्याच्या वाटेवर एकदा आणि कुंपणाकडेच्या कोपऱ्यात एकदा करावी, म्हणजे तुलना होते. पुष्कळदा असे आढळते की, सबंध हिरवळ आजारी नसून केवळ वाट आजारी असते. आणि तेथे तेवढ्याच जागेचा उपचार पुरतो.

येथे आमच्या वऱ्हाडातील काळ्या मातीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. या चिकणमातीचा गुण असा की, ती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या रुंद आणि हात-दोन हात खोल भेगा पडतात. पावसाळ्यापूर्वी वरची मोकळी माती त्या भेगांतून खाली जाते आणि जमिनीची एक प्रकारे आपोआप नांगरट होते. तेव्हा ज्यांची हिरवळ अस्सल खोल काळ्या मातीवर आहे आणि तिला स्वाभाविक भेगा पडतात, त्यांनी छिद्रे पाडण्याचा खर्च करू नये. निसर्ग ते काम करीतच आहे. भेगांत चाळलेले, पूर्ण कुजलेले खत भरावे, म्हणजे झाले. छिद्रांची खरी गरज आहे ती मुरमाच्या भरावावरील हिरवळीला.

आता मुख्य प्रश्न ऋतूचा. माझी चूक झाली ती येथेच. त्या परदेशी पुस्तकात वसंत म्हटला होता आणि आमच्या पंचांगातही वसंतच होता. परंतु नाव एक असले म्हणून ऋतू एक नव्हे. थंड देशांतील हिरवळ ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास अशा गवतांची असते. ती साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस उष्णतेत जोमाने वाढतात. तेथील वसंतात बर्फ वितळते, जमीन ओली असते आणि गवत नव्या जोमाने उठते. अशा वेळी झालेली जखम ते लवकर भरून काढते. आपली हरळी उष्ण प्रदेशातील. तिला साधारण २७ ते ३५ अंश मानवतात आणि थंडीत ती मंदावते. फाल्गुनात तिला थोडी पालवी फुटते न फुटते तोच चैत्र येतो, आणि अकोल्यासारख्या ठिकाणी पारा ४० अंशांच्या वर चढू लागतो. विहिरी आटत असतात. त्या वेळी दंताळे चालविणे म्हणजे काशा उघड्या पाडून उन्हात वाळत घालणे. म्हणजेच माझे वडील शेतात हरळी मारण्यासाठी जे करीत, नेमके तेच मी हिरवळीवर केले होते. एकच क्रिया, एकच महिना, एकच गवत. मग फळ तरी वेगळे कसे मिळावे?

यावरून नियम असा निघतो की, गवताला जखम करावयाची ती त्याच्या अंगी भरून काढण्याचे बळ असेल आणि पाण्याची ददात नसेल, तेव्हाच. आपल्याकडे ती वेळ म्हणजे मृगाच्या पावसानंतरची. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. पाऊस चांगला बसला, मग दोन-तीन दिवसांची उघडीप मिळून वापसा आला, की दंताळे बाहेर काढावे, त्याआधी नाही. प्रथम गवत आखूड कापावे, मग दंताळे एकदा उभे व एकदा आडवे चालवावे आणि निघालेला काडीकचरा खताच्या खड्ड्यात टाकावा. थर इंचाहून जाड असेल, तर तो एका वर्षात सगळा काढण्याचा हव्यास धरू नये. निम्मा यंदा, निम्मा पुढील वर्षी. झॉयशियाची वाढ सावकाश असल्यामुळे तेथे हात आणखी हलका ठेवावा. लावून वर्ष झाले नाही अशा हिरवळीला दंताळेही नको आणि छिद्रेही नकोत.

मग वसंतात काहीच करू नये काय? करावे, पण छिद्रांपुरते, आणि तेही जेथे पाणी आहे तेथेच. फाल्गुनात, ऊन कडक होण्यापूर्वी, गच्च बसलेल्या वाटेपुरती छिद्रे पाडावीत. त्यासाठी पोकळ नळीचे अवजार मिळते. ते दाबून उचलले की मातीची लहानशी वळकटी बाहेर येते. छिद्रे दोन ते तीन इंच खोल आणि चार-चार बोटांच्या अंतरावर असावीत. बाहेर आलेल्या वळकट्या तेथेच वाळू द्याव्यात व चुरून पसराव्यात. त्यातील माती वाळक्या थरात मिसळते आणि थर कुजण्यास मदत होते. म्हणूनच थर बेताचाच जाड असेल, तर एकट्या छिद्रांनीही दोन्ही कामे साधतात. तळव्याला खिळे लावलेले जोडे हल्ली बाजारात मिळतात. ते घालून हिरवळीवर चालावे असे सांगतात. ते घेण्यापूर्वी एवढा विचार करावा की, खिळा माती बाहेर काढीत नाही, तो तिला बाजूला दाबतो. चिकणमातीत त्यामुळे छिद्राच्या भिंती उलट अधिकच घट्ट होतात. माती चिखल असताना तर कोणतेच अवजार लावू नये. वापसा हवा म्हणजे हवाच.

दोन्ही विकार एकत्र असतील तर आधी दंताळे, मग छिद्रे, आणि दोन्हीही पावसाळ्यातच. त्यानंतर चाळलेल्या कुजक्या खताचा पातळ थर द्यावा, म्हणजे तो छिद्रांतून खाली उतरतो.

पाण्याचा हिशेबही येथेच करून टाकू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. व्याह्यांच्या पन्नास चौरस मीटर हिरवळीला ऐन उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर रोज ३०० लिटर झाले. महिन्याचे ९,००० लिटर. ज्या दिवसांत शेजारच्या गावांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली जाते, त्या दिवसांत एवढे पाणी गवतावर ओतणे माझ्या मनाला पटत नाही. आणि सुदैवाने हरळीला त्याची गरजही नाही. उन्हाळ्यात ती तपकिरी पडली म्हणजे मेली असे नव्हे, ती झोपते. जमिनीतील काशा जिवंत राहण्यापुरते पाणी दोन-तीन आठवड्यांनी एकदा मुरवून दिले, तर मृगाचा पाऊस पडताच ती पुन्हा उठते. झोपलेल्याला ओरबाडू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

शेवटी एका नोकराची शिफारस करतो. चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञाने १८८१ साली गांडुळांवर एक सबंध ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाकाठी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्याचा अंदाज होता. गांडूळ मातीत बिळे करते, म्हणजे छिद्रे पाडते. आणि वाळका पाला ओढून नेऊन खाते, म्हणजे दंताळ्याचेही काम करते. जेथे कीटकनाशकांचा मारा नाही, खत बेताचे आहे आणि पाणी क्वचित पण खोलवर दिले जाते, तेथे ही मंडळी न बोलावता येतात. तेथे छिद्रे की दंताळे हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही.

माझ्या व्याह्यांच्या हिरवळीचे पुढे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो. त्याच वर्षी मृगानंतर मी पुन्हा अकोल्यास गेलो. उघडी पडलेली जागा खुरप्याने भुसभुशीत करून, जिवंत अर्ध्या भागातील काशांचे वीतभर तुकडे वापशावर लावले. या वेळी पुस्तक उघडले नाही, आभाळ पाहिले. गणेश चतुर्थीपर्यंत दोन्ही भाग जवळजवळ सांधले गेले. पूजेच्या सकाळी व्याही काठी टेकीत पूर्वीच्या सीमेपलीकडे गेले आणि नव्या भागातून वाकून एकवीस दूर्वा त्यांनी स्वतः खुडल्या. मला हाक मारून म्हणाले, “गुरुजी, या तुमच्या हातच्या.” तेव्हा मला पुष्कळ बरे वाटले. तथापि त्यांच्या कित्येक महिन्यांच्या अर्ध्या फेऱ्या काही मला परत करता आल्या नाहीत. आपल्या घरी अशी वेळ येऊ नये, म्हणून दंताळ्याला हात घालण्यापूर्वी आधी सुरी घ्यावी, आणि सुरी घेण्यापूर्वी महिना कोणता चालू आहे ते पाहावे, एवढीच विनंती.